वेदीवरची फुले, तोरणातली फुले

ईस्टर हा ख्रिस्ती धर्मातील पुनरुत्थानाचा सण. त्याआधीच्या सुमारे चाळीस दिवसांच्या उपवासकाळात कॅथलिक चर्चमध्ये वेदीवर फुले ठेवीत नाहीत. काही मोजके दिवस सोडले तर वेदी उघडीच असते. ईस्टरला मात्र फुले परत येतात, आणि सणाचा अर्थ शब्दांवाचूनही कळतो. इतर ख्रिस्ती पंथांत नियम इतके कडक नसले तरी ईस्टरच्या सकाळी फुलांनी वेदी सजवण्याची रीत अनेक ठिकाणी आहे.

युरोपात हा वसंताचा सण आहे. बर्फ वितळून जमिनीतून नुकतेच कोंब वर आलेले असतात. आपल्याकडे चित्र उलटे असते. पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत मार्च-एप्रिलमध्ये माळ करपलेले असतात, विहिरींचे पाणी खाली गेलेले असते आणि परसातली झाडे न्हाणीच्या सांडपाण्यावर तग धरून असतात. एकोणिसाव्या शतकात जुन्नरला चर्च मिशनरी सोसायटीचे काम सुरू झाले, तेव्हापासून या भागातही ईस्टर साजरा होत आला आहे. मग या कोरड्या दिवसांत घरच्या फुलांनी वेदी सजवायची तर कोणती फुले मिळतात? आणि ही फुले मूळची कुठली? प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर शोधताना वनस्पतिशास्त्र, इतिहास आणि खगोलशास्त्र या तिन्ही विषयांची दारे उघडावी लागतात.

सण नेमका केव्हा?

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते. सन ३२५ मध्ये नायसिया येथे भरलेल्या धर्मसभेने हा सण सर्वांनी एकाच दिवशी पाळावा असे ठरवले. पुढे रूढ झालेला नियम असा : २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. ही पौर्णिमा कोष्टकाने काढलेली असते. प्रत्यक्ष आकाशातल्या पौर्णिमेशी ती बहुधा जुळते. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो.

आपल्या पंचांगाशी ताडून पाहिले तर बहुतेक वर्षी ही पौर्णिमा चैत्री पौर्णिमाच निघते. २०२३ मध्ये हनुमान जयंती ६ एप्रिलला होती आणि ईस्टर ९ एप्रिलला. २०२४ मध्ये मात्र ईस्टर होळीपौर्णिमेनंतर, ३१ मार्चला आला आणि हनुमान जयंती २३ एप्रिलला. असे का व्हावे? ईस्टरचे गणित वसंतसंपाताला, म्हणजे २१ मार्चला बांधलेले आहे. आपला चैत्र मात्र सूर्याच्या निरयन मेष राशीतील प्रवेशाला बांधलेला आहे, आणि तो आता १४ एप्रिलच्या सुमारास होतो. पृथ्वीच्या अक्षाच्या संथ भोवऱ्यासारख्या गतीमुळे संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. साचत गेलेला हा फरक आज जवळजवळ २४ दिवसांचा आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पौर्णिमा आली की ती ईस्टरच्या हिशेबात धरली जाते, पण पंचांगाच्या दृष्टीने ती फाल्गुनातलीच राहते.

तात्पर्य, आपल्याकडे ईस्टरची फुले म्हणजे फाल्गुन-चैत्रातली फुले. गुढीपाडव्याच्या गुढीला बांधायला परसात जी फुले मिळतात, साधारण तीच वेदीलाही मिळतात.

पांढरे फूल कोणते?

ईस्टरचा उपासनेतील रंग पांढरा. पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, या दिवशी लांब तुतारीच्या आकाराची पांढरी लिली वापरतात. ‘ईस्टर लिली’ हे तिचे नावच पडले आहे. तिचे मूळ घर मात्र जपानच्या दक्षिणेकडील र्‍युक्यू बेटे आणि तैवान. एकोणिसाव्या शतकात तिची लागवड बर्म्युडा बेटावर झाली आणि तिथून ती अमेरिकेत गेली. पुढे अमेरिकेला तिचे कंद मुख्यतः जपानहून येऊ लागले. १९१९ मध्ये लुई हॉटन नावाच्या एका सैनिकाने पेटीभर कंद ऑरेगॉनच्या किनाऱ्यावर नेऊन ओळखीच्यांना वाटले. १९४१ मध्ये जपानशी युद्ध सुरू होऊन तिकडचे कंद बंद झाले, तेव्हा या घरगुती लागवडीचा धंदा झाला.

ही लिली उघड्यावर लावली तर जून-जुलैत फुलते. ईस्टरला ती फुलावी म्हणून कंद सुमारे सहा आठवडे थंडीत ठेवावे लागतात आणि मग काचगृहात उष्णता देऊन वाढवावे लागतात. शिवाय सणाची तारीख दरवर्षी पुढेमागे होते, त्यामुळे बागवानाला दरवर्षी नवे वेळापत्रक आखावे लागते. जे फूल सणाचे निसर्गदत्त प्रतीक वाटते, ते माणसाने मोठ्या खटपटीने सणाच्या दिवशी उमलवलेले असते.

जुन्नर-आंबेगावच्या परसात अशी खटपट करावी लागत नाही. पांढऱ्या फुलांपैकी मोगरा ऐन उन्हाळ्यात बहरतो. तो मूळचा दक्षिण व आग्नेय आशियातला, म्हणजे आपल्याच शेजारचा. निशिगंध, ज्याला आपल्याकडे गुलछडी म्हणतात, त्याला पाणी दिले की दांडे येत राहतात. तो मात्र मेक्सिकोचा. युरोपीय लोक तिथे पोहोचण्यापूर्वीच तिथल्या लोकांनी तो लागवडीखाली आणला होता. बांधावरच्या घायपाताचा तो जवळचा नातेवाईक आहे. अलीकडे वनस्पतिशास्त्रज्ञांनी निशिगंधाला घायपाताच्याच प्रजातीत घातले आहे. आणि तिसरे पांढरे फूल चाफ्याचे. त्याच्यापाशी थोडे थांबायला हवे.

चाफा : तीन धर्मांचे झाड

इथे आम्ही ज्या चाफ्याविषयी बोलत आहोत तो देवचाफा किंवा खुरचाफा. जाड फांद्यांचा, तोडल्यावर दुधासारखा चीक येणारा. देवळाच्या आवारात तो असतो, दर्ग्याजवळ असतो, मुसलमानांच्या व ख्रिस्ती लोकांच्या दफनभूमीतही असतो. इतका जुना आणि इतका आपला वाटणारा हा वृक्ष मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि आसपासच्या प्रदेशातला आहे. त्याचे शास्त्रीय नाव ज्याच्या नावावरून पडले तो शार्ल प्ल्युमिये (१६४६–१७०४) हा फ्रेंच धर्मगुरू आणि वनस्पतिशास्त्रज्ञ होता.

‘पण संस्कृत काव्यात चंपक आहेच की,’ असे कोणी म्हणेल. आहे, पण तो सोनचाफा. त्याचे कूळ वेगळे, फूल वेगळे. नवे सुवासिक फूल आले तेव्हा लोकांनी जुन्या ओळखीचे नाव त्याला दिले. हिरवा चाफा आणि नागचाफा हेही एकमेकांचे नातेवाईक नाहीत. वनस्पतीचे नाव जुने आहे म्हणून वनस्पतीही इथे जुनी आहे असे ठरत नाही, ही इतिहासाच्या अभ्यासात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

चाफा कोरड्या दिवसांत फुलतो त्यालाही कारण आहे. पाण्याची चणचण असताना तो पाने गाळतो आणि जाड, मांसल फांद्यांत साठवलेल्या पाण्यावर व अन्नावर फुले आणतो. उपटून बाजूला टाकलेल्या फांदीलाही कधी कधी फुले येतात. फांदी खोचली की झाड होते, म्हणून आपल्याकडची बहुतेक झाडे फांद्यांपासूनच वाढवलेली असतात. फळ क्वचितच दिसते. याच्या फुलात मध नसतो. कोस्टा रिकात झालेल्या अभ्यासातून असे दिसले की रात्रीच्या सुवासाने पतंग मधाच्या आशेने येतात, फसतात आणि फुलाफुलांतून भटकताना परागण करून जातात.

मोडलेल्या, निष्पर्ण फांदीवर फूल येणे हे दृश्य पाहून दफनभूमीत हे झाड लावावेसे वाटले असेल तर त्यात नवल नाही.

दगडावरचा पुरावा

ही फुले अमेरिकेची आहेत हे कशावरून म्हणायचे? एक पुरावा वनस्पतींच्या नातेवाइकांचा. ज्या प्रदेशात एखाद्या प्रजातीच्या सर्वांत जास्त रानटी जाती सापडतात, ते तिचे घर असण्याचा संभव सर्वांत अधिक. दुसरा पुरावा जुन्या नोंदींचा. त्यासाठी जुन्नरइतके सोयीचे ठिकाण शोधून सापडणार नाही.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. त्यांतील शिलालेखांत दानांची नोंद आहे. आदुथुम नावाच्या एका शक उपासकाने करंज आणि वडाच्या झाडांसाठी शेतांचे उत्पन्न लावून दिल्याचा लेख मानमोडीच्या डोंगरात आहे. आंब्याच्या झाडांचाही उल्लेख या लेखांत येतो. मानमोडीच्या एका चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर कमळांमधली गजलक्ष्मी कोरलेली आहे. करंज, वड, आंबा, कमळ ही सारी इथलीच. झेंडू, निशिगंध, देवचाफा यांची नावे त्या लेखांत नाहीत. एखादी गोष्ट लेखात नाही म्हणून ती नव्हतीच, असे केवळ तेवढ्यावरून म्हणता येत नाही. पण वनस्पतिशास्त्राचा पुरावा आणि हे मौन एकाच दिशेने बोट दाखवतात, तेव्हा निष्कर्षाला बळ येते.

याच लेखांतून दुसरीही एक गोष्ट कळते. जुन्नरला दाने देणाऱ्यांत इरिल, चिट आणि चंद अशा नावांचे तीन यवन आहेत. कोणी पाण्याची टाकी दिली, कोणी भोजनमंडप. झाडांसाठी दान देणारा तर शकच होता. नाणेघाटातून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांशी व्यापार चालत असे, आणि त्या वाटेने आलेली माणसे इथल्या संघाचे उपासक झाली होती.

बंदरातून घाटावर

फुलांनीही पुढे हाच रस्ता धरला. कोलंबसानंतर स्पॅनिश व पोर्तुगीज जहाजांनी अमेरिकेतल्या वनस्पती जगभर नेल्या. १५६५ पासून १८१५ पर्यंत मेक्सिकोतील अकापुल्को आणि फिलिपीन्समधील मनिला यांच्यात स्पॅनिश गलबते ये-जा करीत होती. दुसरीकडे गोवा, चौल आणि वसई ही ठिकाणे पोर्तुगीजांच्या हाती होती. वसई तर १५३४ पासून १७३९ पर्यंत. अननस, काजू, पेरू, मिरची यांच्याबरोबरच बागेतली फुलेही या मार्गांनी किनाऱ्यावर उतरली आणि घाट चढून आली. घाटाची ये-जा कधी थांबली नव्हती. १६७५ मध्ये जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून मुंबईहून जुन्नरला येऊन गेला, आणि त्याने त्या प्रवासाचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले.

एकोणिसाव्या शतकात या कामाला सरकारी रूप आले. सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना १८२८ मध्ये पुण्याजवळ दापोडीला वनस्पती उद्यान सुरू झाले. १८३८ पासून १८६० पर्यंत त्याचा प्रमुख होता डॉ. अलेक्झांडर गिब्सन. या उद्यानाची एक शाखा जुन्नरजवळ हिवरे येथे होती आणि तिथे औषधी वनस्पतींची लागवड होत असे. गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा वनसंरक्षकही झाला. एन. ए. डाल्झेलबरोबर त्याने लिहिलेला इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला.

गिब्सनने १८४७ ते १८५० च्या सुमारास एका चित्रकाराकडून उद्यानातील वनस्पतींची सुमारे १७० चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत. त्यांत सह्याद्रीतल्या वनस्पती आहेत, तशाच दूरदेशांहून आणून लावलेल्याही. चित्रकार भारतीय-पोर्तुगीज होता एवढेच गिब्सनने लिहून ठेवले. त्याचे नाव नोंदवले नाही. प्रत्येक रोपाला दोन शब्दांचे शास्त्रीय नाव देणाऱ्या माणसांनी ते रोप रेखाटणाऱ्याचे नाव टिपू नये, याची खंत वाटते.

झेंडूची दोन घरे

पिवळा-केशरी रंग हवा असेल तर झेंडूला पर्याय नाही. दसऱ्याचे तोरण झेंडूवाचून आपल्याला सुचत नाही. पण झेंडूही मेक्सिकोचाच. इंग्रजीत त्याच्या मोठ्या जातीला ‘आफ्रिकन’ आणि लहान जातीला, म्हणजे आपल्या मखमलीला, ‘फ्रेंच’ म्हणतात. दोन्ही नावे चुकीची आहेत. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी मृतांच्या स्मरणाचा सण असतो. त्या वेळी घरोघरी मांडलेल्या वेद्या झेंडूने मढवतात. आपला दसरा-दिवाळी आणि त्यांचा हा सण जवळजवळ एकाच मोसमात येतात हा निव्वळ योगायोग नव्हे. मोठा झेंडू दिवस लहान होऊ लागले की अधिक लवकर फुलतो, आणि दोन्ही देश विषुववृत्ताच्या उत्तरेला असल्याने तो काळ दोन्हीकडे एकच. ईस्टरसाठी मात्र उन्हाळी लागवडीचा झेंडू लागतो.

जुन्नर-आंबेगावच्या शिवारात झेंडूला आणखी एक काम मिळाले आहे. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, डिंभे आदी धरणे झाली आणि बारमाही पाणी आले. त्या पाण्यासाठी किंमतही मोजावी लागली. आंबेगाव हे तालुक्याला नाव देणारे गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. पाण्याबरोबर भाजीपाला वाढला आणि नारायणगाव टोमॅटोच्या बाजारासाठी प्रसिद्ध झाले. टोमॅटोवरील फळे पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालणे पसंत करतो. म्हणून टोमॅटोच्या सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ लावावी अशी शिफारस भारतीय बागवानी संशोधन संस्थेने केली आहे. झेंडूच्या मुळांतील द्रव्ये जमिनीतील सूत्रकृमींनाही मारक ठरतात. गंमत अशी की टोमॅटोही अमेरिकेचाच. एका खंडातले दोन प्रवासी वेगवेगळ्या वाटांनी निघाले आणि जुन्नरच्या एका वाफ्यात शेजारी झाले.

एक फूल, दोन कथा

कृष्णकमळाचा बहर मुख्यतः पावसाळ्यात, त्यामुळे ईस्टरला ते हमखास मिळेल असे नाही. पण ईस्टरशी सर्वांत जवळचे नाते याच फुलाचे आहे. दक्षिण अमेरिकेत गेलेल्या स्पॅनिश धर्मप्रसारकांना या फुलात ख्रिस्ताच्या वधस्तंभाची कथा दिसली. सतराव्या शतकाच्या आरंभी जाकोमो बोझिओ याने रोममध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. भोवतीची तंतूंची झालर म्हणजे काटेरी मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा, तीन कुक्षी म्हणजे तीन खिळे. पुढे दहा पाकळ्या म्हणजे दहा शिष्य असेही सांगितले जाऊ लागले. लिनियसने १७५३ मध्ये दिलेल्या शास्त्रीय नावातही हीच दुःखभोगाची कथा आहे.

तेच फूल महाराष्ट्रात आले आणि झालरीचे तंतू शंभर कौरव झाले, पाच पुंकेसर पांडव झाले, तीन कुक्षी ब्रह्मा-विष्णु-महेश झाल्या. दोन्हीकडे माणसांनी प्रथम नीट मोजले आणि मग आपल्या मनातली कथा त्या आकड्यांवर बसवली. वनस्पतिशास्त्र मात्र वेगळे सांगते : दहा पाकळ्यांपैकी पाच निदले आहेत, पाच प्रदले. झालर ही परागण करणाऱ्या कीटकांना वाट दाखवण्याची सोय आहे. मोजणी तिघांची एकच; अर्थ ज्याचा त्याचा.

मराठी ख्रिस्ती परंपरेने उपासनेला इथले वळण दिले हेही या संदर्भात आठवावे. रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्ती उपासनेत भजन-कीर्तन आणले. मराठी वाचक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतात. वेदीवर परदेशी लिलीऐवजी परसातला मोगरा आणि चाफा ठेवणे हे त्याच वळणाचे आहे.

परके कोण?

आता यादी पाहा. निशिगंध, चाफा, झेंडू, कृष्णकमळ अमेरिकेचे. बोगनवेल ब्राझीलची. सदाफुली आणि एप्रिलमध्ये फुलू लागणारा गुलमोहर मादागास्करचे. शेवंती चीनची. मोगरा, सोनचाफा आणि कमळ तेवढे घरचे. वेदी असो की तोरण, बहुतेक फुले पाहुणीच आहेत.

अलीकडे शाळांतून देशी झाडे लावण्याचा आग्रह धरला जातो. तो योग्यच आहे. पण ‘विदेशी म्हणजे वाईट’ असे सूत्र मुलांच्या मनात रुजले तर ते विज्ञान नव्हे. घाणेरीही बागेतली शोभेची वनस्पती म्हणूनच भारतात आली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती कोलकात्याच्या उद्यानात होती; पक्ष्यांनी तिची फळे खाऊन बिया पसरवल्या आणि आज ती सह्याद्रीच्या उतारांवर देशी झुडपांची जागा बळकावते. चाफा शतकानुशतके इथे आहे आणि फांदी लावल्याशिवाय कुठे जात नाही. दोघेही अमेरिकेचेच. तेव्हा वनस्पती कुठून आली हा एक प्रश्न, आणि ती इथे कशी वागते हा दुसरा. पहिल्याचे उत्तर इतिहासाने द्यायचे, दुसऱ्याचे निरीक्षणाने. दोन्ही एकत्र केले की चाफ्यावर अन्याय होतो आणि घाणेरी नजरेतून सुटते. आणि फूल आपले केव्हा होते, हा तर तिसराच प्रश्न. त्याचे उत्तर ज्यांनी ते लावले, पाणी घातले आणि आपल्या सणाला वाहिले त्यांच्याकडे आहे.

वर्गात करण्याजोगे

मार्च-एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांना आपापल्या गल्लीतील परसांची नोंद करायला सांगावे : फुलाचे स्थानिक नाव, रंग, उमलण्याची वेळ, पाणी कोठून मिळते, आणि ते कोणत्या सणाला, कोणत्या देवाला वाहतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून रोप कोणाकडून आले हेही लिहावे. मग नकाशावर प्रत्येक फुलाचे मूळ स्थान दाखवावे.

आरास टिकवण्याचा प्रयोगही करता येईल. निशिगंधाचे सारखे दांडे तीन पेल्यांत ठेवावेत. पहिल्यातले पाणी रोज बदलावे, दुसऱ्यातले बदलू नये, तिसऱ्यात रोज ताजे पाणी, चमचाभर साखर आणि लिंबाचे थेंब घालावेत. कोणत्या दांड्याची किती फुले उमलली हे रोज मोजावे. साचलेल्या पाण्यात जिवाणू वाढून देठातील जलवाहिन्या तुंबतात. दांडा पाण्याखाली धरून कापला तर त्या वाहिन्यांत हवा शिरत नाही. चाफ्याचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, तसेच कण्हेर आणि बिट्टी विषारी असल्याने लहान मुलांच्या हाती देऊ नयेत.

प्रयोग संपला की तीनही पेल्यांतील फुलांची संख्या फळ्यावर मांडावी आणि फरक का पडला हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्यावे.